नालासोपाऱ्याच्या थांब्याएवढं बोलणं

विरारला गाडीत खिडकी मिळाली की नालासोपारा येईपर्यंतची चार-पाच मिनिटं आपली असतात. त्यानंतर हात हलवायलाही जागा उरत नाही. तेवढ्या वेळात मी पर्समधून फोन काढते आणि आकडा बघते. एका सकाळी तो ११८ होता, शेजारी आडवा बाण. म्हणजे साखर ११८ आणि सध्या स्थिर.

शेजारच्या मावशी अर्नाळ्याच्या, रोज याच गाडीला असतात. त्यांनी माझ्या डाव्या दंडावरच्या नाण्याएवढ्या पांढऱ्या चकतीकडे बोट केलं.

“हे काय गं लावलंयस? कसलं औषध?”

“औषध नाही मावशी, साखर मोजतं ते. डॉक्टरांनी चौदा दिवस लावायला सांगितलंय.”

“मग रोज टोचायचं?”

“एकदाच टोचतं. पुढे दर मिनिटाला आपलं आपण मोजतं आणि फोनला सांगतं.”

“वायर तर दिसत नाही. सांगतं कसं मग?”

या प्रश्नाचं उत्तर बोरिवली आली तरी देऊन झालं नाही. ते इथे नीट लिहिते आहे, कारण त्या चकतीच्या पोटातल्या आकड्यांनी गेले दोन आठवडे मला झपाटलं आहे.

आधी साखरेचंच बघू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. शंभर मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅम ग्लुकोज धरलं, तर सगळ्या रक्तात मिळून ते भरतं फक्त पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा. उपाशीपोटी हा एक चमचा सव्वा चमचा झाला, म्हणजे आकडा १२६ वर गेला, की डॉक्टर मधुमेह म्हणतात. पाऊण चमच्याच्या खाली घसरला, म्हणजे ७० पेक्षा कमी झाला, की हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आपलं रोजचं जगणं, धावत गाडी पकडणं, ऑफिस, स्वयंपाक, सगळं या पाऊण आणि सव्वा चमच्याच्या मधल्या पट्टीत चाललेलं असतं.

याच चमच्यातले रेणू मोजायला गेलं तर मात्र शब्द संपतात. १६७ वर वीस शून्यं. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’मध्ये एकं, दहं, शतं करत अठरा स्थानांची नावं सांगितली. त्यातलं शेवटचं परार्ध, एकावर सतरा शून्यं. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून स्थापलेल्या मठाची नोंद त्यात आहे. त्या मठातल्या विद्यार्थ्यांना परार्ध म्हणजे मोजणीची शेवटची पायरी वाटली असेल. आपल्या रक्तातल्या एका चमचा साखरेचे रेणू होतात एक लाख सदुसष्ट हजार परार्ध.

आणि शरीर स्वतः एवढ्या साखरेवर हुकूम चालवतं ते किती थोडक्या निरोपांतून! उपाशीपोटी रक्तात इन्सुलिनचा एक रेणू असतो तेव्हा ग्लुकोजचे असतात जवळपास नऊ कोटी. कमी खर्चात निरोप पोचवण्याची विद्या आपल्या स्वादुपिंडाला रेडिओच्या कितीतरी आधीपासून येते. ती बिघडली की मग दंडावर चकती लावावी लागते.

चकतीखाली सुमारे पाच मिलिमीटर लांबीची, केसापेक्षा जाड, मऊ तार असते. ती रक्तवाहिनीत शिरत नाही. कातडीखाली पेशींच्या भोवती जो द्रव असतो, त्यात ती बुडून राहते. तारेच्या टोकावर एन्झाइमचा, शाळेच्या पुस्तकातल्या भाषेत विकराचा, थर असतो. ही कल्पना लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली. विकराला ग्लुकोजचा रेणू भेटला की तो त्याच्याकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घेतो, ते तारेत उतरतात आणि विजेचा अगदी बारीक प्रवाह वाहू लागतो. साखर जास्त तर प्रवाह जास्त.

किती बारीक? मोजायचं माप नॅनोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा अब्जावा हिस्सा. आमच्या गाडीच्या डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. इथे इलेक्ट्रोडवरचा दाब अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. पण बारीक म्हणजे थोडे नव्हेत. एक नॅनोअँपिअर म्हणजे दर सेकंदाला ६२४ कोटी इलेक्ट्रॉन. प्रत्येक रेणूमागे दोन धरले तर सेकंदाला ३१२ कोटी ग्लुकोजचे रेणू त्या टोकावर येऊन आपली हजेरी लावतात. साऱ्या देशाची माणसं दर सेकंदाला दोनदा एकाच फाटकातून गेली तरी हा आकडा गाठला जाणार नाही. आणि एवढी गर्दी मोजून शेवटी उरतं काय, तर तीन अंकी एक संख्या: ११८.

या आकड्याबद्दल एक गोष्ट डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावली होती: तो ताजा नसतो. रक्तातली साखर केशवाहिनीच्या भिंतीतून पाझरून पेशींभोवतीच्या द्रवात यायला पाच ते दहा मिनिटं लागतात. अंतर असतं केसाच्या जाडीच्या आसपास. विरारहून सुटलेली गाडी तेवढ्यात वसई रोडला पोचते. म्हणजे वसईच्या फलाटावर फोनमध्ये दिसणारी साखर ही विरारची साखर असते. साखर झपाट्याने खाली येत असेल तर हे ध्यानात ठेवावंच लागतं. आकड्याशेजारचा बाण त्यासाठीच असतो, आकड्याइतकंच लक्ष त्याच्याकडेही द्यायचं.

आता पुढचा टप्पा, दंडापासून पर्सपर्यंत. अंतर अर्धा मीटर. रेडिओलहरीला त्यासाठी लागतात दोन नॅनोसेकंदांहून कमी. केसभर अंतराला दहा मिनिटं आणि हातभर अंतराला सेकंदाच्या पन्नास कोटीव्या भागाहूनही कमी! हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा कुठेतरी शून्य चुकलं असं वाटून पुन्हा केला.

त्या दहा मिनिटांत रेडिओलहर आणखी कुठे पोचते? सेकंदाला तीन लाख किलोमीटर, म्हणजे दहा मिनिटांत अठरा कोटी किलोमीटर. इथे मला नारायणगावजवळच्या खोडदची आठवण येते. तिथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. विरारहून बोरिवलीला जावं, जवळपास तेवढा पसारा. १९ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री युरोपचं शियापरेली हे यान मंगळावर उतरायला निघालं. त्याच्यावरचा प्रक्षेपक होता अवघ्या काही वॉटचा, घरातल्या रात्रीच्या दिव्याच्या जातकुळीतला. मंगळ तेव्हा साडेसतरा कोटी किलोमीटरच्या आसपास होता, लहरीला यायला पावणेदहा मिनिटं लागत होती. आणि खोडदच्या अँटेनांनी ती हाक ऐकली. यान शेवटी मंगळावर आदळलं, पण उतरतानाचा त्याचा आवाज आधी पुणे जिल्ह्यात पोचला होता.

जितक्या वेळात माझी साखर रक्तातून केसभर बाहेर येते, तितक्याच वेळात मंगळावरची हाक जुन्नर तालुक्यात येते. दोन्हीकडे प्रश्नही एकच आहे: बोलणाऱ्याकडे वीज थोडी आहे, तर निरोप पोचवायचा कसा? मंगळासाठी उत्तर होतं, ऐकणारे कान प्रचंड करा. पर्समधल्या फोनला ४५ मीटरचे कान लावता येत नाहीत. तिथे दुसरं उत्तर शोधावं लागलं, आणि मला ते जास्त विलक्षण वाटतं. कमी बोला. इतकं कमी, की बोलत नाही असंच वाटावं.

हिशेब करून बघा. घड्याळात, गाडीच्या रिमोटमध्ये असतो त्यातला मोठा बटण-सेल घेऊ, सीआर २०३२. त्यात साधारण २२५ मिलिअँपिअर-तास वीज असते, म्हणजे २,४३० ज्यूल. दंडावरच्या चकतीत याहूनही लहान सेल मावतो, पण मोठाच धरू. ब्लूटूथचा रेडिओ चालू असताना पाच मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह खातो. तो सतत चालू ठेवला तर सेल संपेल ४५ तासांत. सोमवारी सकाळी लावला तर बुधवारी पहाटे बंद. चौदा दिवस काढायला असे साडेसात सेल लागतील, आणि ते दंडावर बांधून कुणी लोकलला लोंबकळू शकणार नाही.

म्हणून २०१० मध्ये ब्लूटूथची जी चौथी आवृत्ती आली, तिच्यात कमी विजेवर चालणारा एक वेगळाच प्रकार घातला गेला. त्याचं मूळ नोकियाने २००६ मध्ये जाहीर केलेल्या वायब्री नावाच्या तंत्रात होतं. त्याचं सगळं मर्म झोपण्यात आहे. चकती मिनिटभर झोपते, क्षणभर उठते, निरोप फेकते, पुन्हा झोपते. एक निरोप फार तर ४७ बाइटचा. सेकंदाला दहा लाख बिट या वेगाने तो पाठवायला लागतात ३७६ मायक्रोसेकंद. ऐकणारा नेमका कुठल्या वाहिनीवर कान लावून बसलाय ते माहीत नसतं, म्हणून तोच निरोप तीन वाहिन्यांवर एकापाठोपाठ सांगायचा. सगळं मिळून एक मिलिसेकंदाहून थोडं जास्त.

आता हे चौदा दिवसांना लावा. मिनिटाला एक म्हणजे दिवसाला १,४४० निरोप, चौदा दिवसांत २०,१६०. प्रत्येकाला १.१३ मिलिसेकंद. एकूण बोलणं २३ सेकंद.

चौदा दिवसांत तेवीस सेकंद! नालासोपाऱ्याला गाडी जेवढी थांबते, तेवढं. उरलेला सगळा वेळ, शंभरातले ९९.९९८ भाग, रेडिओ मुका.

प्रत्यक्षात यात थोडी भर पडते: रेडिओ जागा होऊन स्थिरावण्याचा वेळ, फोनची पोच ऐकणं, चुकलेला निरोप पुन्हा पाठवणं. वेगवेगळ्या कंपन्यांची रीतही वेगळी. पण ढोबळ चित्र हेच. या तेवीस सेकंदांच्या बोलण्याला ऊर्जा लागते सुमारे ०.३४ ज्यूल. शंभर ग्रॅमचा वडापाव कागदावरून फूटभर उचलून तोंडापर्यंत नेताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जेवढं काम होतं, तेवढीच. आणि तो वडापाव खाल्ला तर त्यात सीआर २०३२ सारख्या पाचशे सेलांची ऊर्जा असते.

इथे मला एक अनपेक्षित गोष्ट सापडली. बोलणं इतकं स्वस्त झाल्यावर झोप महाग पडायला लागते. झोपलेली चिपही एक मायक्रोअँपिअरच्या आसपास वीज पीत असते. चौदा दिवसांचे बारा लाख सेकंद तिने तसं केलं की साडेतीन ज्यूल गेले, म्हणजे बोलण्याच्या दहापट. त्यात तारेवरचा तो नॅनोअँपिअर सतत मोजणाऱ्या सर्किटला पाच-एक मायक्रोअँपिअर धरले तर आणखी अठरा ज्यूल. सगळी बेरीज बावीस ज्यूल. स्वस्थ बसलेलं माणसाचं शरीर दर सेकंदाला सुमारे शंभर ज्यूल उष्णता बाहेर टाकत असतं, लेडीज डब्यात मे महिन्यात जीव कासावीस होतो तो त्यामुळेच. चकतीचा चौदा दिवसांचा सगळा शिधा म्हणजे माझ्या अंगातून पापणी लवेपर्यंत निघून जाणारी ऊब.

निरोपात असतं तरी काय? साखरेचा आकडा चाळीसपासून पाचशेपर्यंत कुठेही असला तरी तो नऊ बिटांत बसतो. सोयीसाठी दोन बाइट धरू. चौदा दिवसांच्या २०,१६० नोंदी मिळून ४० केबी. व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी येणारं फुलांचं सुप्रभातचं चित्रही बहुधा याहून जड असतं. आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि आणखी १३ कोटी ६० लाख माणसं उंबरठ्यावर. हे दहा कोटी लोक उद्या अशी चकती लावून बसले, तर दिवसाला साडेचौदा हजार कोटी नोंदी होतील. त्या साठवायला किती जागा? २९१ जीबी. भारतातल्या प्रत्येक मधुमेही माणसाची, दिवसभराची, मिनिटामिनिटाची साखर दुकानात मिळणाऱ्या ५१२ जीबीच्या एका फोनमध्ये मावेल आणि वर जागा उरेल. हा आकडा लिहून मी बराच वेळ नुसती बसले होते. इतकी वर्षं आपल्याला न कळलेली ही गोष्ट आकाराने एवढीशीच होती!

आता गर्दीकडे येऊ, कारण विरारची गाडी आली म्हणजे गर्दी आलीच. रेल्वेच्या भाषेत तिला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात, एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी. ब्लूटूथची लहर २.४ गिगाहर्ट्झची, मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये अन्न तापवणाऱ्या लहरींच्या अगदी शेजारची. पाण्याने भरलेल्या अंगात ती फार खोल जात नाही. स्नायूत दर सव्वादोन सेंटिमीटरला तिची शक्ती सातव्या हिश्श्याच्या आसपास उरते. वीस सेंटिमीटर धडातून आरपार जायचं तर उरेल सात-आठ कोटींतला एक भाग.

फोनचा कान तसा तिखट असतो. चकती एक मिलिवॉट शक्तीने बोलत असेल, तर त्यातला तीनशे कोटीवा हिस्सा पोचला तरी चांगला फोन निरोप समजून घेतो. पण अर्ध्या मीटरच्या मोकळ्या हवेतच अडीच हजारांतला एक भाग हाती लागतो. त्याला सात कोटींनी भागलं की गणित हातचं जातं. म्हणजे चकती डाव्या दंडावर आणि फोन उजव्या कुशीला, मध्ये मी, तर सरळ मार्गाने निरोप पोचणं अशक्य. तरी बहुतेक वेळा तो पोचतो, कारण लहर अंगाला वळसा घालून जाते, आणि डब्याच्या पत्र्यावर आपटून कुठून कुठून परत येते. रिकाम्या डब्यात हे सुरेख चालतं. भाईंदरच्या खाडीवर, मागून पुढून दाटीवाटीने अंगं भिडलेली असताना, माझ्या फोनने अनेकदा ‘सिग्नल नाही’ म्हणून सांगितलं आहे. पर्स छातीशी, डाव्या बाजूला धरली की तो परत येतो. हे मला कुठल्याही माहितीपत्रकाने सांगितलं नव्हतं. मधल्या मिनिटांचे आकडे चकतीने जपून ठेवलेले असतात. भेट झाली की ती एकदम देऊन टाकते. पण साखर घसरत असताना अशी दहा मिनिटं गेली, तर ग्लुकोजची पुडी वेळेवर उघडली जाणार नाही. म्हणून ज्यांना इन्सुलिन घ्यावं लागतं त्यांच्यासाठी हा लहरींचा प्रश्न जिवाशी जोडलेला आहे, आणि गर्दीच्या लोकलमध्ये ही यंत्रं कशी वागतात याची चाचणी इथेच, या मार्गावर व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

त्याच डब्यात शेकडो फोन, इयरफोन, घड्याळं एकाच पट्ट्यात बोलत असतात. माझी चकती आणि माझा फोन एकमेकांना ओळखतात कसे? बत्तीस बिटांच्या पत्त्याने. असे पत्ते होऊ शकतात ४,२९,४९,६७,२९६, चारशे एकोणतीस कोटींच्या वर. निरोपाच्या शेवटी चोवीस बिटांची तपासणी असते. वाटेत मोडतोड झालेला निरोप चुकून खरा ठरण्याची शक्यता १,६७,७७,२१६ मध्ये एक. हाक मारायच्या तीन वाहिन्यासुद्धा अशा निवडल्यात की वायफायच्या नेहमीच्या वाहिन्यांच्या मधल्या फटींत बसाव्यात. आणि निरोपाला कुलूप लावलं तर १२८ बिटांच्या किल्ल्यांची संख्या किती? परार्धाला परार्धाने गुणा आणि वर चौतीस हजारांनी गुणा. माझ्या साखरेचा आकडा कुणी चोरावा इतका मोलाचा नसेल, पण माझ्या अंगातली गोष्ट आहे, ती माझ्याचपाशी राहावी.

हे सगळं किती लवकर घडलं! १९९९ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेलं पहिलं सतत साखर मोजणारं यंत्र तीन दिवस चालायचं, दर पाच मिनिटांनी मोजायचं आणि रुग्णाला काहीच दाखवायचं नाही. दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या संगणकाला जोडलं की मग कळायचं, परवा रात्री काय झालं होतं. २०१४ मध्ये युरोपात अबॉटची फ्रीस्टाइल लिब्रे आली. तिच्यात साखरेचे आकडे ऐकायला वाचकयंत्र दंडाजवळ न्यावं लागायचं; ते स्वतःच्या चुंबकीय क्षेत्रातून हाक द्यायचं आणि चकती आठ तासांच्या नोंदी हवाली करायची. आठ तासांहून जास्त झोपलात तर आधीच्या नोंदी गेल्या. आजची चकती स्वतःहून बोलते.

याहूनही कमी खर्चात बोलता येईल का? १९९६ मध्ये आयबीएमच्या थॉमस झिमरमन यांनी दाखवलं की माणसाचं अंगच तार म्हणून वापरता येतं. दोघांनी हात मिळवले की एकाचं व्हिजिटिंग कार्ड दुसऱ्याच्या यंत्रात उतरायचं. २०१२ च्या आयईईई ८०२.१५.६ या अंगावरच्या यंत्रांसाठीच्या मानकात या मार्गालाही जागा मिळाली. पर्ड्यू विद्यापीठातल्या श्रेयस सेन यांच्या गटाने २०२० मध्ये अशी चिप मांडली जिला लागतात ४१५ नॅनोवॉट. बोलणाऱ्या ब्लूटूथच्या छत्तीस हजाराव्या हिश्श्याएवढी वीज. वेग ब्लूटूथपेक्षा पुष्कळ कमी, पण मिनिटाला दोन बाइट सांगणाऱ्याला वेग हवाय कशाला?

४१५ नॅनोवॉटला आपला तोच बटण-सेल जोडला तर कागदावर तो १८५ वर्षं पुरतो. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली गाडी निघाली १२ एप्रिल १८६७ रोजी, दिवसाला जाऊन-येऊन एक. त्या दिवशी सेल लावून ही चिप बोलती केली असती, तर ती आजही बोलत असती, आणि २०५२ पर्यंत बोलली असती. खरा सेल त्याआधीच आपोआप मरतो, तो भाग वेगळा. पण विचार करा, वाफेच्या इंजिनापासून वातानुकूलित लोकलपर्यंतचा सगळा काळ, एका बटणाएवढ्या विजेवर!

या वाटेबद्दल माझ्या मनात एक शंकाही आहे. कातडीवरून जाणारा संकेत कातडीला चिकटूनच राहतो, हवेत फारसा सांडत नाही, हे त्याचं मोठं बळ सांगतात. पण आमच्या डब्यात कुणाची कातडी कुठे संपते आणि शेजारणीची कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. दंडाला दंड, पाठीला पाठ, चर्चगेटपर्यंत. प्रयोगशाळेत ही स्थिती उभी करणं कठीण आहे. विरारला ती रोज सकाळी आपोआप उभी राहते.

सुई नको, तार नको, नुसत्या घामातून साखर कळेल का, हाही शोध चालू आहे. २०१६ मध्ये बर्कलीच्या वेई गाओ, अली जावे आणि सहकाऱ्यांनी ग्लुकोज, लॅक्टेट, सोडियम, पोटॅशियम एकाच वेळी घामातून मोजणारी पट्टी ‘नेचर’मध्ये मांडली. अंगावर घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात आणि आमच्याकडे घामाला तोटा नाही. पण घामातलं ग्लुकोज रक्ताच्या पन्नासाव्या-शंभराव्या हिश्श्याएवढं, आणि किती घाम आला त्यावर आकडा हलतो. निरोप पाठवायची विद्या तयार आहे, निरोपातला मजकूर अजून भरवशाचा नाही.

दहाव्या दिवशी मावशींनी विचारलं, “केवढ्याला पडलं?”

“चार-पाच हजारांच्या घरात. चौदा दिवसांचं.”

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझी साखर सहा-सहा महिन्यांनी बघतात. रात्री दोनला अंग थरथरतं तेव्हा कुणाला विचारायचं? तेवढा एक आकडा कळला असता तरी पुरे होता.”

वर्षाला अशा सव्वीस चकत्या लागतात, म्हणजे लाखाच्या वर खर्च. मी फोनच्या कॅल्क्युलेटरवर दुसरा एक हिशेब केला. बावीस ज्यूल वीज, घरगुती दर युनिटला आठ रुपये धरला, तर एका पैशाच्या विजेत दोनशे चकत्या चौदा-चौदा दिवस मोजतील, झोपतील, बोलतील. मावशींना तो दाखवायला माझं मन झालं नाही.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी परतीच्या गाडीत, वसई सुटल्यावर, फोनने सांगितलं की चकतीची मुदत संपली. शेवटचा आकडा १०४. घरी गेल्यावर ती काढायची होती. गाडी नालासोपाऱ्याला थांबली. उतरणाऱ्या बायका उतरल्या, डबा एकदम मोकळा झाला. मी घड्याळाकडे बघत सेकंद मोजत होते. तेविसाव्या सेकंदाला गाडी हलली.